कडी नसलेले दार

माझ्या बालपणी बर्फ म्हणजे आठवडी बाजारातील गारेगारवाल्याच्या गाडीवरचा, भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळलेला पांढरा ठोकळा. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातले दिंद्रुड हे आमचे गाव. तेथे बर्फ पैसे देऊन विकत मिळे आणि घरी पोहोचण्यापूर्वीच त्याचे पाणी होई. त्या गावच्या मुलीने वयाच्या पन्नाशीत पायांना लांब पट्ट्या बांधून आल्प्स पर्वतातील एका खिंडीत आठवडाभर हिमातून चालावे, हे माझे मलाच अजून खरे वाटत नाही. परंतु ते घडले आहे. मार्च २०२४ मधील ते सात दिवस माझ्या मनात एका जुन्या रात्रीपाशी जाऊन थांबले आहेत. म्हणूनच हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

परिचारिकेच्या नोकरीनिमित्त गेली अठरा वर्षे मी स्वित्झर्लंडच्या व्हाले परगण्यात, मार्टिनी शहरात राहते. येथील वृद्धाश्रमातील माझ्या सहकारी मैत्रिणींनी मला रविवारी दुपारी डोंगरउतारावर नेऊन स्की शिकवले. पहिली दोन वर्षे मी घसरण्यापेक्षा पडण्यातच अधिक प्रावीण्य मिळवले. चित्रपटांतून आपण पाहतो ते स्की म्हणजे पाळण्यात बसून वर जायचे आणि तयार केलेल्या उतारावरून भरधाव खाली यायचे. मी सांगणार आहे तो प्रकार वेगळा आहे. त्यात पाळणा नसतो, आखून दिलेला उतार नसतो. स्कीच्या तळाला लव असलेल्या कापडाची एक लांब पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, म्हणून आजही तिला ‘कातडी’च म्हणतात. तिची लव मागच्या दिशेला वळलेली असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी राहते. माथ्यावर कातडी सोलून पिशवीत टाकायची, टाच पक्की अडकवायची आणि उतरायचे. तीन तास चढावे तेव्हा वीस मिनिटांची उतरण पदरी पडते. हा हिशेब ज्याला परवडतो त्यानेच या वाटेला जावे.

आमचा मुक्काम होता ग्रँड सेंट बर्नार्ड खिंडीतील मठात. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर, २,४६९ मीटर उंचीवर हा मठ उभा आहे. अकराव्या शतकाच्या मध्यास ऑस्टा येथील आर्चडीकन संत बर्नार्ड यांनी त्याची स्थापना केली. रोमन काळापासून ही वाट वाहती होती. रोमकडे जाणारे यात्रेकरू, व्यापारी, सैनिक याच वाटेने जात आणि हिमवादळात सापडून किंवा लुटारूंच्या हाती पडून मरत. त्यांच्यासाठी बर्नार्ड यांनी माथ्यावर घर बांधले. तेव्हापासून संत अगस्तीनच्या नियमाने राहणारे व्रतस्थ ते चालवीत आले आहेत. मे १८०० मध्ये नेपोलियनचे सुमारे चाळीस हजारांचे सैन्य येथूनच इटलीत उतरले, तेव्हाही या मठाने सैनिकांना अन्नपाणी दिले. पोप पायस अकरावे हे तरुणपणी स्वतः कसलेले गिर्यारोहक होते. १८८९ मध्ये त्यांनी मोंते रोझासारखा अवघड पर्वत चढला होता. त्यांनीच १९२३ मध्ये संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले.

१९६४ मध्ये खिंडीखालून जवळजवळ सहा किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला आणि वाहने डोंगराच्या पोटातून जाऊ लागली. खिंडीवरचा रस्ता मात्र ऑक्टोबरपासून जूनपर्यंत हिमाखाली असतो. त्या काळात मठात जायचे तर स्कीवरून किंवा हिमपादुका घालून, स्वतःच्या पायांनीच जावे लागते.

आम्ही सात जण होतो आणि आमचा वाटाड्या आठवा. साठीकडे झुकलेला, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याचा हा गृहस्थ आमच्याच परगण्यातला. बोगद्याच्या तोंडापाशी मोटारी ठेवून निघण्यापूर्वी त्याने प्रत्येकाच्या छातीला बांधलेले छोटे रेडिओयंत्र चालू असल्याची खात्री करून घेतली. हे यंत्र सतत संदेश सोडत असते. कोणी हिमाखाली गाडले गेले तर इतरांनी आपले यंत्र शोधावर लावून त्याचा माग काढायचा. पाठीवरच्या पिशवीत घडीची लांब सळई आणि फावडे होते. फावडे पाहून मला रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या आमच्या आळीतील बायका आठवल्या.

वाट ज्या दरीतून जाते तिचे नाव ‘मृतांची दरी’. दोन्ही बाजूंच्या उभ्या उतारांवरून शतकानुशतके हिमलोट कोसळत आले आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये या खिंडीच्या परिसरात चार इटालियन स्कीपटूंचा असाच अंत झाला. दरीच्या अरुंद भागाशी वाटाड्याने आम्हांला एकमेकांपासून दूर अंतर ठेवून, न थांबता, न बोलता पुढे जायला सांगितले. हिमलोट आलाच तर सगळे एकदम सापडू नयेत, वाचवायला कोणीतरी मागे उरावे, हा त्यामागचा हेतू. अडीच तास मला केवळ माझा श्वास आणि हिमावरून सरकणाऱ्या कातडीची सरसर ऐकू येत होती. अखेर धुक्यातून एक करडी, जाड भिंतींची, अनेक खिडक्यांची इमारत पुढे आली. खालच्या मजल्याच्या खिडक्या हिमाखाली गेल्या होत्या.

वाटाड्याने दार ढकलले. ते उघडेच होते. या मठाचे मुख्य दार कुलूपबंद होत नाही, ही येथील शतकांची परंपरा. आत येणाऱ्याला नाव विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत; प्रथम गरम चहाचा मोठा वाडगा हातात देतात. या घराचे एक जुने लॅटिन ब्रीद आहे: येथे ख्रिस्ताची आराधना होते आणि येथे ख्रिस्तालाच जेवू घातले जाते. चहाचा वाडगा दोन्ही हातांनी धरून मी त्या ओळीचा अर्थ ऐकला आणि माझ्या हातांना अकारण कंप सुटला. बरोबरच्यांना वाटले, थंडी बाधली असावी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या रात्रीविषयी मी आजवर कोणाशीही बोलले नव्हते, ती उशाशी येऊन बसली होती.

१९८७ चा एप्रिल. मी तेरा-चौदा वर्षांची होते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. ते कामासाठी बीडला गेले होते. घरात आई, मी आणि लहान भाऊ. आमचे घर गावाच्या टोकाला, रस्त्यालगत. ते दिवस ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परतण्याचे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातील गावेच्या गावे मुकादमाची उचल घेऊन, बैलगाड्या जुंपून पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर जातात. पाचसहा महिने कोप्यांत राहतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. रात्री गाड्यांच्या घुंगरांचा आवाज आम्हांला नवा नव्हता. त्या रात्री मात्र एक गाडी आमच्या दारापाशी थांबली. कडी वाजली. बाईचा आवाज आला, “माय, लेकरू लई तापलंय. घोटभर पाणी द्या. उजाडेस्तोवर वट्यावर पडू द्या.”

मी उठले. आईने माझा दंड धरला. विहिरी आटल्या होत्या; घरात सकाळसाठी राखलेले पाऊण हंडा पाणी होते. पण खरे कारण पाणी नव्हते. घरात पुरुष नव्हता. गाडीबरोबर किती माणसे होती, कोण होती, हे अंधारात कळत नव्हते. आईने मानेनेच ‘नको’ म्हटले आणि कंदिलाची वात खाली केली. दुसऱ्यांदा कडी वाजली. मग तिसऱ्यांदा. आम्ही दोघी श्वास रोखून दाराच्या आत उभ्या होतो. मग एक पुरुष काहीतरी बोलला, बैलांना हाकारले गेले आणि घुंगरे दूर गेली.

सकाळी कळले की ती माणसे मारुतीच्या पारावर थांबून पहाटे पुढे गेली. कोणत्या गावची, ते कोणाला ठाऊक नव्हते. त्या लेकराचे पुढे काय झाले, ते आम्हांला कधीच समजले नाही.

आईने या गोष्टीचा घरात उच्चार केला नाही. आठ दिवसांनी तिने कुंभाराकडून एक मोठा रांजण आणला, दारापुढच्या लिंबाखाली वाळूत बसवला, वर पाट आणि पाटावर साखळीने बांधलेला जर्मनचा पेला ठेवला. दर उन्हाळ्यात, स्वतः दोन मैलांवरून पाणी आणावे लागे तेव्हाही, तो रांजण भरलेला असे. वडिलांनी त्याबद्दल कधी विचारले नाही. मला मात्र कारण ठाऊक होते, आणि मला ते ठाऊक आहे हे आईला ठाऊक होते. २०२२ च्या उन्हाळ्यात आई देवाघरी गेली. तोवर आम्ही दोघी त्या रात्रीविषयी एक शब्दही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्याने आमच्याकडून शोधाचा सराव करून घेतला. चालू यंत्र ठेवलेली एक पिशवी त्याने आमच्या नकळत हिमात पुरली होती. कानाशी टिकटिक करणारे यंत्र घेऊन मी चकरा मारल्या, सळई टोचली, फावड्याने उपसले. पिशवी हाती लागेपर्यंत अकरा मिनिटे गेली. वाटाड्याने घड्याळ दाखवले. हिमाखाली गाडलेल्या माणसाला जगण्याची आशा पहिली दहा-पंधरा मिनिटेच खरी. नंतर ती झपाट्याने ओसरते. हेलिकॉप्टर बोलावता येते, पण ते येईपर्यंत ही मिनिटे सरलेली असतात. वाचवू शकतो तो जवळ उभा असलेला माणूसच. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला विसरता येत नाही: हिमलोटात सापडलेल्या दहांपैकी सुमारे नऊ प्रसंगी तो लोट त्या माणसांनी स्वतःच किंवा त्यांच्या सोबत्यांनी सोडलेला असतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही इटलीच्या बाजूने माँ फुर्शों या २,९०२ मीटर उंचीच्या शिखराकडे निघालो. रोज सकाळी वाटाड्या दाव्होसच्या संशोधन संस्थेचा हिमलोटाचा अंदाज वाचून दाखवी. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. त्या दिवशी तिसरी होती. नवख्याला वाटते, पाचांत तीन म्हणजे मध्यम. प्रत्यक्षात सर्वाधिक माणसे याच पायरीवर दगावतात, कारण चौथी-पाचवी पायरी जाहीर झाली की शहाणी माणसे घरीच बसतात. शिखर शंभरेक मीटर उरले असताना पुढे चाललेल्या वाटाड्याच्या स्कीखाली ‘हुम्’ असा खोल आवाज झाला. पेवाच्या तोंडावर पाय पडावा तसा. वाऱ्याने आणून टाकलेल्या नव्या थराखाली जुने ठिसूळ हिम खचले होते. पुढचा उतार तीस अंशांहून अधिक तीव्र होता, आणि असे लोट सुटतात ते अशाच उतारांवरून. वाटाड्या क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, “परत.”

आमच्यातील एक बेल्जियन गृहस्थ नाराज झाले. आकाश निरभ्र होते, शिखरावरचा क्रूस डोळ्यांना दिसत होता. वाटाड्याने वाद घातला नाही. त्याने आम्हांला एकेक करून, आमच्याच चढणीच्या खुणांवरून सावकाश खाली आणले. रात्री जेवताना त्या गृहस्थांनीच विचारले, “तुम्हांला भीती वाटली?” तो म्हणाला, “हो. सात जणांची.”

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. त्या रात्री आई आणि मी दाराआड उभ्या होतो तीही भीतीनेच. भीती हे पाप नव्हे. एकटी बाई, दोन मुले, अंधार. आईला दोष देण्याचा अधिकार मला कालही नव्हता, आजही नाही. परंतु आमच्या भीतीच्या कुंपणात आम्ही तिघेच होतो. दाराबाहेरचे लेकरू त्या कुंपणात आले नाही. वाटाड्याच्या भीतीत सगळे होते, त्याच्यावर रागावलेला माणूससुद्धा. मध्यरात्री शेजाऱ्याकडे भाकरी मागायला गेलेल्या मित्राचा प्रभूचा दाखला मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दरवेळी मी स्वतःला बाहेर उभी राहून दार ठोठावणारी समजत असे. मी आत होते, हे कबूल करायला मला आल्प्सपर्यंत यावे लागले.

गुरुवारी वादळ आले. खिडकीबाहेर हातभर अंतरावरचेही दिसेना. दिवसभर आम्ही मठातच होतो. तळघरातील छोट्या उपासनागृहात प्रार्थना झाल्यावर मी तेथील एका वृद्ध धर्मगुरूंपाशी बसले आणि का कोण जाणे, दिंद्रुडची ती रात्र त्यांना सांगितली. फ्रेंच भाषेत सांगताना ती थोडी परक्याची वाटत होती, म्हणून सांगता आली असावी. त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले नाहीत, समजूतही घातली नाही. खूप वेळाने म्हणाले, “येथेही आधी दार नव्हते. माणसे मेली, त्यानंतर ते झाले.”

मग त्यांनी मला शेजारच्या एका लहानशा दगडी इमारतीविषयी सांगितले. पूर्वी वाटेत गोठून मेलेल्यांची प्रेते तेथे ठेवीत. येथील जमीन खडकाळ आणि गोठलेली, दफन करणे कठीण. शिवाय कधीतरी कोणी नातलग येईल आणि आपले माणूस ओळखेल, ही आशा. थंडीत ती प्रेते वर्षानुवर्षे तशीच राहत. कित्येकांना ओळखणारे कोणीच आले नाही. आता त्या इमारतीचे दार भिंत घालून बुजवले आहे. त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, पण मठात त्यांच्यासाठी प्रार्थना होते. नाव ठाऊक नसलेल्यासाठी प्रार्थना करता येते, ही साधी गोष्ट एका ख्रिस्ती घरात वाढूनही मला सुचली नव्हती. त्या संध्याकाळी मी प्रथमच त्या लेकरासाठी प्रार्थना केली. जगले असेल तर आज ते चाळिशीच्या आसपासचे असेल. कदाचित स्वतःच कोयता घेऊन जात असेल.

या मठाचे नाव जगभर गाजले ते येथील कुत्र्यांमुळे. सतराव्या शतकापासून व्रतस्थांनी ही दणकट जात पाळली. १८०० ते १८१४ या काळातील ‘बारी’ नावाच्या कुत्र्याने चाळिसांहून अधिक माणसांना वाचवल्याचे सांगतात. त्याचे पेंढा भरलेले शरीर बर्नच्या संग्रहालयात आहे. त्याच्या गळ्यातील ब्रँडीचे पिंप मात्र चित्रकाराची कल्पना. आता हेलिकॉप्टर आले, २००५ पासून कुत्र्यांचा सांभाळ मार्टिनीतील एक संस्था करते आणि हिवाळ्यात ती खालीच असतात. कुत्री गेली तरी दार तसेच राहिले.

त्याचा प्रत्यय त्याच रात्री आला. जेवणे उरकत आली होती. बाहेर वारा घोंगावत होता. दालनाच्या टोकाशी दाराचा आवाज झाला आणि दोन आकृती आत आल्या. भुवया, दाढी, बाह्या, सारे पांढरे. दुपारीच पोहोचायचे होते, वाट चुकली, खुणेचे खांब धरून धरून आले. त्यांतील धाकटा विशीतला मुलगा होता आणि त्याचे दात वाजत होते. दाराच्या सर्वांत जवळ मी बसले होते. कोणी मला सांगितले नाही. मी उठले, चहाचा वाडगा भरला आणि त्या मुलाच्या हातात दिला. त्याच्या बोटांना तो धरवेना, म्हणून बराच वेळ मीच खालून धरून ठेवला.

त्याने त्या जुन्या रात्रीचे काही फिटले, असे मी म्हणणार नाही. ते लेकरू वेगळे होते. पण सदतीस वर्षे दाराआड उभी असलेली एक मुलगी त्या रात्री दोन पावले पुढे आली, एवढे मात्र खरे.

शुक्रवारी आकाश स्वच्छ झाले, परंतु ताज्या हिमामुळे वाटाड्याने आम्हांला सरोवराभोवतीच्या सौम्य उतारांपलीकडे जाऊ दिले नाही. सबंध आठवड्यात आम्ही एकही नाव घेण्याजोगे शिखर गाठले नाही. शनिवारी सकाळी, दरीतले नवे हिम बसल्याची खात्री करून, त्याने आम्हांला सुखरूप खाली उतरवले. बेल्जियन गृहस्थांनी मोटारीपाशी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

घरी पोहोचताच मी भावाला दूरध्वनी केला. दिंद्रुडच्या घरात तो आता कुटुंबासह राहतो. उन्हाळा लागला का, पाणी कसे आहे, अशी इकडचीतिकडची चौकशी करून मी विचारले, “लिंबाखालचा रांजण भरतोस ना?”

“अगं ताई, तो मागच्या वर्षीच फुटला,” तो म्हणाला. “आणि आता टोळ्या ट्रॅक्टरनं, ट्रकनं येतात. कोण थांबतंय?”

“नवा आण,” मी म्हटले. “आणि दारावरचा दिवा रात्री चालू ठेव.”

तो क्षणभर गप्प राहिला. त्या रात्री तो चार वर्षांचा होता. मी समजत होते, झोपला होता. मग म्हणाला, “सोमवारी आणतो. पेला आईचाच आहे अजून, जपून ठेवलाय.”

पट्टा पडायला अजून पंधरवडा अवकाश होता.